केसरचे चार दिवस

कोकिळा शिगवण रागीट, असं तिच्या ओळखीतलं कुणीही सांगेल. विहिरीसाठी जागा पाहणाऱ्या सरकारी खात्यात ती पुढे नोकरीला लागली, तिथले शिपाईसुद्धा तिच्या टेबलाशी जपून बोलायचे. लग्न तिनं उशिरा केलं आणि नवऱ्याला आधीच बजावलं की मला राग येतो आणि तो लवकर जात नाही. हा राग कुठे मुरला ते सांगायचं तर एकोणसाठ सालच्या मे महिन्यात, काशीदजवळच्या एका खेड्यात जायला हवं.

तिचा बाप भागोजी म्हसळ्याकडचा, भातशेती भावांवर टाकून मुंबईच्या गिरणीत गेलेला. पोरगी शिकली, कॉलेजात गेली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना भूगर्भशास्त्र घेऊन बसली. वर्गात मुलगी ती एकटीच. दगड हातात घेतला की तो कसा झाला असेल हे तिला विचारावंसंच वाटे. उन्हाळी शिबिरात प्रत्येकानं एकेक पट्टा पायी हिंडून त्याचा नकाशा काढायचा, आणि ज्याचा नकाशा नाही तो पुढच्या वर्गात नाही, असा नियम होता. सर म्हणाले, मुलीला न्यायचं तर तिची राहायची सोय काय? कोकिळानं त्याच गावातल्या आपल्या मावशीचं नाव सांगितलं. मुलं गावच्या शाळेत उतरतील, जेवण सगळ्यांचं मावशीकडे. सरांना एवढी स्वस्त आणि सोज्वळ सोय कुठे मिळणार होती? त्यांनी लगेच होकार दिला, आणि कोकिळाला तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आठवडाभर आधीच ती सामान लावायला मावशीकडे आली. सोनूबाई मावशी मोठ्या मनाची आणि मानाला जपणारी. पहिल्याच पंक्तीला तिनं सरांना सांगितलं, "आमची पोरगी हाय, काय लागंल ते तिलाच सांगा." यजमानाच्या घरी असं म्हणतातच. पाहुण्यांनीही ते हसून सोडून द्यायचं असतं. सरांनी ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टे वाटले, कोकिळाला समुद्रकाठचा मिळाला, पण मुलं हातोडे घेऊन निघाली तेव्हा सर तिला म्हणाले की तू भाकऱ्यांचं बघून मग ये. भाकऱ्या होईतो ऊन चढे. मग दुपारचा भात, मग चहा, मग रात्रीचं कालवण. मुलांनी आणलेल्या दगडांवर चिठ्ठ्या चिकटवायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण तिचं अक्षर चांगलं. शिवदास नावाचा एक मुलगा ताटावर बसून म्हणाला की कोकिळाबाईंनी शोधलेला सगळ्यात कठीण खडक म्हणजे कालची भाकरी. सगळे हसले, सरही. कोकिळानं त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली आणि आत जाऊन पिठाच्या परातीवर मूठ आपटली.

मावशीला काही सांगायची सोय नव्हती. तिच्या लेखी पोरीनं वाढणं हा पोरीचा मान होता. मावशीची सून केसर चुलीपुढून उठत नव्हती, पण बोलतही नव्हती.

शेवटी कोकिळानं घरातलीच वाट शोधली. एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, मला शिवू नका.

मावशी तवा उतरवत होती. "काय गो, पुन्हा? तू आलीस तवाच तर बसली व्हतीस."

उन्हानं होतं असं, कोकिळा म्हणाली. केसरनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

चार दिवस मागच्या पडवीत निजायचं, घरात काही शिवायचं नाही, चुलीकडे बघायचंसुद्धा नाही. सरांना मावशीनं पदर तोंडाशी नेऊन सांगितलं, तेव्हा ते घाईघाईनं चष्मा पुसायला लागले. विचारणार काय? कोकिळा हातोडा, होकायंत्र आणि कागद घेऊन जी सुटली ती थेट समुद्रावर. तिथे काळ्या दगडाची एक भिंत होती. जुना लाव्हा फाटला, फटीत नवा शिरून थिजला, अशी ती झालेली. वाळूतून निघून ती खडपावर, किनाऱ्यालगतच्या पसरट खडकावर, चढत होती आणि टोकाशी पाण्यात जात होती. पुढे ती सरळ जाते की दुसरी भिंत तिला कापते, यावर सगळा नकाशा अडलेला. पण ते टोक उघडं पडायचं ते अवसेच्या मोठ्या ओहोटीला, पहाटे आणि संध्याकाळी. अवस होती शिबिराच्या शेवटच्या दिवशी. त्याच दुपारी सर नकाशे पाहणार होते. म्हणजे तिच्या हाताशी एकच पहाट होती.

आदल्या संध्याकाळी ती परसात पाय धुवायला गेली तेव्हा केसर कुंपणापाशी होती. जुन्या लुगड्याचं ओलं फडकं ती दुसऱ्या लुगड्याच्या आड वाळत घालत होती. तोंड पांढरं पडलेलं, एक हात कमरेवर.

"वैनी, तुम्ही..."

"हळू बोला." केसरनं लुगडं ओढून फडकं झाकलं. "परवापासनं."

मग तुम्ही चुलीपाशी कशा, असं कोकिळानं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं.

"तुम्ही बसलाव, मग मी कशी बसू? एवढी माणसं, सासूबायचे गुडघे धरलेले. न्हाय सांगितलं. देवाला फुलं बी मीच वाहिली." केसरचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. "तुमचं खोटं मला पहिल्याच दिवशी कळलं, वन्सं. तुम्ही आलाव तवा बसलाव, त्या चौथ्या दिसाच्या अंघोळीचं पाणी मीच काढलं व्हतं ना. म्हटलं जाऊ दे, हिला जायचंय. पण मला महिन्याला हे चारच दिस मिळतात. तेवढेच चुलीपुढून उठते मी. ते बी तुम्ही नेलाव."

 इतके दिवस कोकिळाचा राग सरांवर होता, शिवदासवर होता, मावशीवरही थोडा होता. आपली मोकळीक कुणाच्या पाठीवरून चालली आहे हे तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तिला स्वतःची चीड आली. पण आता निमूट परत चुलीशी बसावं, तर नकाशा गेला आणि उद्या सर पुन्हा ताट पुढे करून बसणार. त्या विचारानं तिचं डोकं जास्तच तापलं.

पहाटे तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. केसर चूल पेटवत होती. तिच्या हातातली फुंकणी काढून घेत कोकिळा मावशीला म्हणाली, "वैनी आजपासून बसणार."

मावशीनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "आणि रांधणार कोण? तू?"

"मी पण नाही."

तिनं तांदळाचं भांडं उचललं, डाळ, पिठाचा डबा, तवा, टोप, सगळं एकेक करून अंगणात नेऊन ठेवलं. मावशी मागोमाग येत होती. घराची अब्रू घालवलीस, आल्या पाहुण्यापुढं कच्चं धान्य ठेवतात काय, तुझा बाप भागोजी मला काय म्हणेल. कोकिळा काटक्यांची मोळी आणायला वळली तोवर मुलं चहाला आली होती. मागून सर आले.

"हा काय प्रकार आहे, मिस शिगवण?"

"चूल मांडायला तीन दगड लागतात, सर. इथे सगळ्यांना दगड ओळखता येतात."

कुणी हसलं नाही. शिवदास पायातल्या वहाणेकडे बघत राहिला. सरांनी आवाज चढवला नाही. ते वर्गात बोलत तसंच बोलले. "हे शिबिर आहे. इथे घरातली भांडणं आणायची नाहीत."

"तेच सांगते आहे, सर. हे शिबिर आहे, आणि माझा पट्टा राहिलाय."

ती निघाली. मागून मावशी म्हणाली, "पुन्ना या दारात पाय ठेवू नको."

टोकापर्यंत खडप उघडं पडलं होतं. खडकाला चिकटलेली कालवं पायाला कापत होती. काळी भिंत पुढे जात होती आणि जिथे कोकिळाला शंका होती तिथेच दुसरी, बारीक दाण्याची भिंत तिला आडवी छेदत होती. तिनं दिशा घेतल्या, तुकडे फोडले, कागद गुडघ्यावर धरून रेघा मारल्या. पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हाच ती मागे फिरली.

दुपारी शाळेत सर नकाशे बघत होते. सगळ्या खोलीला करपलेल्या भाताचा वास होता आणि शिवदासच्या बोटाला चिंधी. कोकिळाचा नकाशा सरांनी बराच वेळ न्याहाळला. चूक शोधत होते, हे उघड होतं. मग तो बाजूला ठेवत म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

"अक्षर नको, सर. छेद बघा."

ती तिथून हलली नाही. पुढचा मुलगा मागे ताटकळला. सरांनी नकाशा पुन्हा ओढला आणि कोणती भिंत आधीची, कोणती नंतरची, हे तिच्याकडे न पाहता वाचलं आणि खाली सही केली. जोरात, कागद टोचेल इतकी.

ट्रंक आणायला ती मावशीच्या दाराशी गेली. उंबरा ओलांडला नाही. मावशी पाठ करून धान्य पाखडत राहिली, सूप आपटत. ट्रंक आधीच पायरीवर आणून ठेवलेली होती.

मागच्या पडवीत केसर भिंतीला टेकून, दोन्ही पाय लांब सोडून बसली होती. दुपारच्या वेळी तिला असं बसलेलं कोकिळानं कधी पाहिलं नव्हतं. येते मी वैनी, कोकिळा म्हणाली.

"जावा," केसर म्हणाली. तिनं पाय आखडले नाहीत. "आता सासूबाय माझ्यावर चार म्हयने काढतील राग. तुम्ही जावा."