लाल अक्षरांतली चिझुरु

जपानातल्या आमच्या उवाजिमा गावात टीव्हीतली बाई पन्नाशीत प्रेमात पडली की घरोघर डोळ्यांना रुमाल लागतात. शेजारची बाई पडली की भुवया चढतात. माझं केस कापायचं दुकान मासळी बाजाराच्या तोंडाशी आहे, त्यामुळे दोन्ही तमाशे मला फुकटात बघायला मिळतात, आणि खोटं कशाला सांगू, डोकं फिरतं.

फुसाए आजी दर शुक्रवारी केस धुवायला येतात. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून विशीतली. गुरुवारी ती मालिका असते. एक विधवा बाई, एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि मध्ये तडमडणारा तिचा दीर. खुर्चीत बसल्या की आजी मला सगळा भाग ऐकवतात.

"काल त्यानं छत्री तिच्यावर धरली गं, आणि स्वतः चिंब! आणि तो मेला दीर! चांगला फोडून काढला पाहिजे त्याला."

आता गंमत बघा. ह्याच आजींची सून चिझुरु. माझी शाळेपासूनची मैत्रीण, वय छप्पन्न. नवरा तादाहिको जाऊन आठ वर्षं झाली. मुलंबाळं नाहीत. सकाळी मासळीच्या वड्या तळायच्या कारखान्यात, दुपारनंतर सासूचं जेवणखाण, दवाखाना, औषधं. तादाहिकोचं नाव घराण्याच्या थडग्यावर कोरलं, तेव्हाच शेजारी तिचंही कोरून टाकलं. आमच्याकडे बरेच जण तसं करतात. माणूस जिवंत असेपर्यंत ती अक्षरं लाल, गेलं की रंग काढून टाकायचा. स्वतःचं नाव दगडावर वाचून तिला काय वाटतं, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तर ही चिझुरु हिराओकाच्या प्रेमात पडली. हिराओका गावातली बस चालवतो. साठीला टेकलेला, लग्न न केलेला, बोलण्यात महाकंजूष. तिला उशीर झाला की थांब्यावर बस धरून ठेवायचा आणि आपण त्या गावचेच नाही असा समोर बघत बसायचा. एवढ्यावर जमलं. वसंतात तिनं घरी सांगून टाकलं, लग्न करणार, दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या घरी राहायला जाणार.

धाकटा दीर यासुहारु मात्सुयामाहून धावत आला. "वहिनी, दगडावर नाव आहे तुमचं. दादानं खाली एकट्यानं पडून राहायचं का? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

आजी नुसतं म्हणाल्या, "ह्या वयात कशाला गं ही थेरं?"

पुढच्या शुक्रवारी आजींच्या डोक्याला फेस लावला आणि मला राहवेना. "आजी, टीव्हीतल्या बाईसाठी रडता, आणि घरातलीला थेरं म्हणता?"

आजींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ती टीव्हीतली गेली तर माझा भात कोण शिजवणार हा प्रश्न येत नाही."

मी फेस धुवायला पाणी सोडलं. भीती एवढी उघडी बोलून दाखवणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

ऑगस्टात ओबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, सगळं गाव थडगी घासायला टेकडीवर जातं. आमचा दगड चिझुरुच्या सासरच्या दगडामागच्याच ओळीत. आजी आणि यासुहारु आधीच येऊन थांबले होते. चिझुरु आली, हातात ब्रश, आणि मागे इस्त्रीचा सदरा घातलेला हिराओका. यासुहारुचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"ह्या माणसाला इथं आणलंत? दादासमोर?"

चिझुरुनं आपल्या नावावर बोट ठेवलं. "भाऊजी, हा लाल रंग कशाचा? मी जिवंत आहे ह्याचाच ना? मग जिवंत बाईसारखी वागतेय. थंडी पडली की दगडवाल्याला बोलावून हे नाव बुजवून घेणार. लग्न करणार. आईंचा भात रोज शिजवून आणणार. आणि दर ओबोनला येऊन हा दगडही घासणार, कारण खाली माझा नवरा आहे आणि तो मला आवडायचा. ज्याला अडवायचंय त्यानं आत्ता पुढे यावं."

आजूबाजूच्या सगळ्या ओळींतले ब्रश थांबले. माझाही. टाळी वाजवायचीच बाकी होती.

"आई," यासुहारु ओरडला, "तू तरी सांग हिला!"

फुसाए आजींनी दगडाकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्याच्या नावाशेजारी त्यांचंही नाव आहे, लालच. मग त्यांनी हिराओकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काय रे ड्रायव्हर, पाहुण्यासारखा उभा काय राहिलास? बादली रिकामी आहे. पाणी आण."