गजराबाईला सगळ्यांचाच संशय

आमच्या खोडदला बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला गजराबाई येते. उंबऱ्यातच थांबून आधी वास घेते. नाक वर, डोळे बारीक. "पंखा कुणी लावलाता?" पंखा बंदच असतो. तरी ती पात्यांकडं अशी बघत राहते, जणू आता ती कबूलच करतील.

माझी ताई स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. टाके पडले होते. कुणी विचारलं की "बरंय" म्हणायची. गजराबाईचा त्या "बरंय"वर काडीचा विश्वास नव्हता.

"पोर रडतंय. हिनं कायतरी वंगाळ खाल्लंय."

"काहीच नाही खाल्लं, मावशी," ताई म्हणायची.

"चोर काय पावती देतो व्हय?"

मग डबा उघडून बघायची. डिंकाचे लाडू भराभर संपत होते, ताई मात्र वाळत होती. लगेच नजर माझ्यावर. "तेजे, गाल बघ तुझं! बाळंतीण कोण हाय, तू का ती?" मी तिची नक्कल करते हे तिच्या कानावर गेलं होतं, त्यामुळं मी आधीच आरोपी. आणि लाडू मी खरंच खाल्ला होता. पण एकच.

अकराव्या दिवशी शेक द्यायला तिनं बाजेवरची गोधडी उचलली आणि दुपट्यात गुंडाळलेले लाडू खाली घरंगळले. आईनं कपाळाला हात लावला. मी ओरडले, "बघा, मी नव्हते!"

गजराबाई ओरडली नाही. ताईकडं बघत राहिली. "बस गं नीट."

ताई एका अंगावर रेलून बसली.

"माझा बाप मेंढरं राखायचा. मेंढरू दुखतंय म्हनून सांगत न्हाई, उभं कसं ऱ्हातं त्ये बघाया लागतं. परसाकडं कधी गेलतीस?"

ताई पुटपुटली, "पाच दिवस झाले. जोर केला की टाके उसवतील असं वाटतं. म्हणून खातच नाही."

"आन् पानी?"

ताईनं आईकडं बघितलं, आईनं गजराबाईकडं. ओव्याचं पाणी, तेही घोटभरच, हा हुकूम तिचाच होता.

गजराबाईनं दार लावून टाके बघितले. बाहेर आली तेव्हा नाक खाली होतं. "लाल झाल्यात. आंगबी कढत हाय. जीप बोलवा, नारायणगावला चला. आत्ताच."

डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, टबात कोमट पाणी घेऊन बसायला सांगितलं आणि पाणी भरपूर प्यायला.

"भरपूर म्हंजी?" गजराबाईनं त्यांनाही सोडलं नाही. "बाळंतिणीच्या आंगात पानी शिरतं ना?"

"मावशी, पाणी कमी पडलं म्हणून तर पोट खडा झालं. कुणी सांगितलं होतं कमी द्यायला?"

येताना जीपमध्ये गजराबाईनं कुणावरच संशय घेतला नाही. मला नक्कल करायलाही काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं उंबऱ्यात वास घेतला नाही. तांब्या भरून सरळ ताईपुढं धरला. "पी." ताई प्यायली. गजराबाईनं तांब्या उलटा करून बघितला. "गिळलंस न्हवं? आ कर."

आठवड्यानं ताई बाजेवर सरळ बसून बाळाला पाजत होती. गजराबाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं.

"मला दावायला बसलीस, का खरंच?"