प्रेसची जाळी

घरात त्यांना सगळे भंगारताई म्हणत. चिडवायलाच म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं. बंद पडलेल्या कारखान्यांतून गंजलेली चाकं, तुटके पट्टे, कामगारांचे पितळी बिल्ले असं काय काय गोळा करायचं, ते जपायचं आणि त्याचा इतिहास लिहायचा, ही त्यांची नोकरी. जुन्या उद्योगांच्या संग्रहालयाच्या त्या प्रमुख होत्या. "हिला वाढदिवसाला साडेतीन मण लोखंड द्या, बघा कशी खूश होते," असं त्यांची काकू म्हणायची.

अशा भंगारताईंच्या हाती शेवटी ते यंत्र आलं, ज्याच्यावर त्यांचा कधीपासून डोळा होता: पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातली मोठी प्रेस. पत्र्याचा तुकडा खाली सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून ठोकळा धाडकन आदळणार आणि डब्याचं झाकण तयार. ह्याच प्रेसखाली ताईंच्या काकांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

कारखान्याचं म्हणणं असं की प्रेसला संरक्षणाची जाळी होती. काम भराभर उरकावं म्हणून काकांनीच ती काढून ठेवली. काका म्हणत, जाळी कधी नव्हतीच. पण एकीकडे एकटा माणूस आणि दुसरीकडे अख्खा कारखाना म्हटल्यावर घरच्यांनीसुद्धा कारखान्याचंच खरं मानलं. भांडण भाजीवरून सुरू होवो की विजेच्या बिलावरून, काकूची गाडी शेवटी तिथेच येऊन थांबायची. "घाई नडली तुम्हाला! कुणी सांगितलं होतं जाळी काढायला?" काका डाव्या हातातला चमचा खाली ठेवून म्हणत, "नव्हती गं बाई जाळी." ताई लहानपणापासून हे ऐकत आल्या होत्या. कुणीतरी एकदा तरी आपल्याला खरं मानावं, एवढीच त्या माणसाची जन्मभराची इच्छा होती.

प्रेसबरोबर कारखान्याच्या मालकांच्या मुलाने एक खोकं पाठवलं होतं. आत भुसा, मेणकागद आणि कोरी करकरीत जाळी. संग्रहालयाचा फिटर ती बसवायला गेला, तर बोल्ट आत जाईनात.

ताईंनी बॅटरी मारून पाहिलं. जाळीच्या बोल्टांची चारही भोकं यंत्राच्या मूळ हिरव्या रंगाने काठोकाठ बुजलेली होती. रंगावर ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे यंत्र बनल्या दिवसापासून तिथे बोल्ट म्हणून लागला नव्हता. काका खरं बोलत होते. ताईंना हे तिथल्या तिथे कळलं.

"काय करू ताई? साफ करू का?" फिटरने विचारलं.

आता खरं तर ताईंनी तिथूनच घरी धाव घ्यायला हवी होती. पण दालनाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, दालन मालकांच्याच देणगीतून उभं राहिलेलं, त्यात मुलाने "जाळीचं तेवढं विसरू नका हं" असं दोनदा बजावलेलं. शिवाय यंत्र कसं, पूर्ण दिसलं पाहिजे, ही ताईंची जुनी खोड. त्यांनी मनाची समजूत घातली: पुढे सवडीने लेख लिहू, आणि काकांचे गुडघे काही त्यांना इथवर आणत नाहीत. कळत होतं, पण वळत नव्हतं.

"कर साफ," त्या म्हणाल्या.

फिटरने भोकांतून आटे पाडायचा टॅप फिरवला, रंगाचा भुगा फुंकरीने उडवला आणि बोल्ट आवळले. एरवी साधा खिळा हलवायचा तरी आधी फोटो काढणाऱ्या ताईंनी त्या दिवशी भोकांचा फोटो काढला नाही.

उद्घाटनाला काका आलेच. इस्त्रीचा शर्ट, उजवा हात नेहमीसारखा खिशात, डावा काकूच्या खांद्यावर. ते थेट प्रेससमोर जाऊन उभे राहिले. पाहुण्यांच्या घोळक्यातून ताईंनी ते पाहिलं. आता काका आरडाओरडा करणार. केला असता तर फार बरं झालं असतं.

काका वाकले. जाळीवरून हात फिरवला, एकेक बोल्ट चाचपला.

"होती की गं," ते काकूला म्हणाले.

"काय होती?"

"जाळी. मी आपला जन्मभर नाही नाही म्हणत बसलो. त्या दुखण्यात डोकं फिरलं असेल माझं. मीच काढली असणार." मग थोडं थांबून म्हणाले, "तुला फार बोललो गं मी. माफ कर."

जिने इतकी वर्षं हेच ऐकायचा हट्ट धरला होता, तिला ते ऐकवेना. तिने त्यांचा खिशातला हात बाहेर काढला आणि स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवला. ताईंना शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुरलं असतं. पण शेजारी मालकांचा मुलगा उभा होता, आणि ताई मूग गिळून गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांकडे गेल्या आणि चपला काढता काढताच बोलून मोकळ्या झाल्या. "काका, जाळी नव्हती. भोकं रंगाने बुजलेली होती. मी पाहिली. मीच ती साफ करून घेतली."

काका हसले. "जीव आहे तुझा माझ्यावर, म्हणून म्हणतेस."

"शपथ घेऊन सांगते, काका!"

"बरं, मग दाखव मला ती बुजलेली भोकं."

दाखवायला ताईंकडे साधा फोटोही नव्हता.

"अगं, काल मी हात लावून पाहिली जाळी. आणि तूच ना सांगतेस, आम्ही तिथे खोटं काही ठेवत नाही म्हणून?" काकांनी उजवा हात ताईंच्या डोक्यावर ठेवला. अंगठा आणि तळवा, एवढाच तो हात होता. "राहू दे पोरी. भांडण मिटलं एकदाचं."

काकू दाराशी उभी होती. तिने मात्र ताईंचं म्हणणं खरं मानलं. "काल तिथे का नाही बोललीस?" एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

ताई तडक संग्रहालयात गेल्या आणि फिटरला जाळी काढायला लावली. त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन प्रेसकडे पाहिलं.

"ताई, आता तर कुणीतरी मुद्दाम काढून ठेवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

खरंच तसंच दिसत होतं. चारही भोकं लख्ख, आटे ताजे, जाळी बाजूला. कारखाना इतकी वर्षं सांगत आला होता अगदी तशी प्रेस आज पहिल्यांदा तयार झाली होती, आणि ती ताईंनी केली होती.