नानांना ऐकू येत नव्हतं तेव्हा

माझ्या सासऱ्यांना अजिबात ऐकू येत नसे, आणि आमच्या घरातला सलोखा त्याच पायावर उभा होता.

नाना तार खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते डहाणूला आमच्याकडे आले. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मला तेव्हा हौशी रेडिओचं वेड लागलं होतं आणि लायसन्ससाठी तारेच्या मोर्स लिपीची परीक्षा द्यायची होती. नानांनी मला वर्षभर शिकवलं. मी त्यांच्या तळहातावर बोट आपटायचो. टेकवलं की डॉट, दाबून धरलं की डॅश. ते अक्षरं मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, तुमचं बोट तोतरं आहे." तरी मी पास झालो. (परीक्षक दयाळू असावा.)

मग ओसरीतल्या टेबलावर माझा सेट बसला. वाणगावच्या दिनकर मास्तरांकडेही सेट होता. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना सेटच्या मोर्स-खटक्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचो. नाना टेबलाला कोपर टेकून शेजारीच पेंगत असत. त्यामुळे मी अगदी मोकळेपणाने बोलायचो. म्हातारा आमच्या वाडीतले पिकलेले चिकू शोधून शोधून खातो. म्हातारा पहाटे चारला उठून खोकतो. वर्षभर ज्याच्या तळहातावर शिकलो, त्याच्या कोपरालाही टेबलाची थरथर कळेल, एवढं डोकं मला असतं तर काय हवं होतं!

एकदा माझी बायको सुमन म्हणाली, "नानांना आता इथेच ठेवून घेऊ या का, कायमचं?"

"हे काय विचारणं झालं? घर त्यांचंच आहे," मी म्हणालो. ती डोळे पुसत आत गेली. मी लगेच टेबलाशी, पेंगणाऱ्या नानांशेजारी बसलो आणि दिनकरला कळवलं, 'म्हातारा जाईल कधी?'

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ट्रंक भरून ओसरीत बसले होते.

"उधव्याला तुझ्या धाकट्या बहिणीकडे जातो," ते सुमनला म्हणाले.

"असं अचानक? काय झालं, नाना?" ती सवयीने त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी माझ्याकडे बघून टेबलावर बोट वाजवलं. हळूहळू, मला झेपेल अशा वेगाने. 'म्हातारा आज जाईल.'

"काय म्हणाले हो?" सुमनने विचारलं.

"तब्येतीला जपा म्हणाले."

हे खोटं आठवडाभर टिकलं. मग दिनकरच्या बायकोकडून सुमनला सगळं कळलं, आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. (घरात आता ऐकू न येणारं माणूस नव्हतं, पण बोलणारंही कोणी उरलं नव्हतं.)

शेवटी मी नानांना आणायला निघालो. तलासरीपर्यंत मोटार, पुढे उधव्यापर्यंत चालत. नाना अंगणात बाजेवर बसले होते. तोंडाने माफी मागून उपयोग नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटाने लिहिलं, 'माफी.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माळी?"

मोर्समध्ये एफ उलटा केला की एल होतो, MAFI ची MALI. माझं बोट घाबरलं होतं.

"वाडीला माळी हवाय, म्हणून न्यायला आलात?" नाना म्हणाले.

मी पुन्हा बोट टेकवायला गेलो, तर त्यांनी मूठ मिटून घेतली. त्यांना खरंच चुकीचं कळलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पुढची चार वर्षं ते तिथेच राहिले आणि तिथेच गेले. त्यानंतर मात्र माझा एफ एकदाही चुकला नाही.