जनूचं कडं

खरवईचा महिपती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत तंबू ठोकायचा. तिथल्या एका गोऱ्या साहेबाला जुनी थडगी उकरायचा नाद होता. लढाई संपल्यावर साहेबाने त्याला दोन हिवाळे दक्षिणेत नेलं. तिथून महिपती जी विद्या घेऊन आला, तिचा गावात कुणाला उपयोग नव्हता. माळावरचे दगड पाहून खाली काय असेल ते तो सांगे. एकटी उभी शिळा म्हणजे नुसती आठवण, खाली बहुधा काही नसतं. उभ्या दगडांवर आडवी शिळा टाकलेली, ते जमिनीवरचं मृताचं घर. दगडांची रास म्हणजे खाली खड्डा. आणि धोंड्यांचं गोल कडं दिसलं, की मधोमध दगडी पेटी. तिच्या एका फरशीला वाटीएवढं भोक.

"भोक कशाला रं?" शेजारचा रघु विचारी.

"मेलेल्याला जा-ये करायला."

"म्हंजे मेल्यावर पन तुझ्यासारखंच. घरात पाय टिकायचा नाय!"

एकोणपन्नास साली महिपतीची तीन वर्षांची जनू देवीच्या साथीत गेली. देवीने गेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि कोल्ह्यांच्या भीतीने वर दगड रचतात. महिपतीने ढीग रचला नाही. दिवसभर खपून त्याने खड्ड्यात चार फरशा उभ्या केल्या, पूर्वेकडच्या फरशीला छिन्नीने भोक पाडलं. जनूला तिच्या निळ्या पत्र्याच्या पेल्यासकट आत निजवलं. झाकणावर माती लोटली, पण भोकापुढची जागा मोकळी ठेवली. भोवती एकवीस धोंडे रोवले. दर अवसेला त्याची बायको कौसाबाई त्या भोकाशी दूध ठेवून येई.

सात पावसाळ्यांत धोंडे शेवाळले, अर्धेअधिक मातीत गेले. छप्पनच्या थंडीत मुंबईचे प्राध्यापक हेमचंद्र विद्यार्थ्यांना घेऊन माळावर आले आणि कड्यापाशी थबकले. इतकं जुनं थडगं या बाजूला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खोदायला जाणता माणूस हवा म्हणून गावाने महिपतीला पाठवलं, माती उपसायला सोबत रघुला.

"साहेब, ते जुनं नाय. मी केलंय. आत माझी पोर हाय."

"तुझी जमीन जाणार नाही, घाबरू नकोस."

"जमिनीचं नाय बोलत मी."

"हे बघ, पूर्वेला भोक आहे. हे तुला कुठून सुचणार?"

महिपतीने त्याला दक्षिणेत नेणाऱ्या गोऱ्या साहेबाचं नाव सांगितलं. प्राध्यापक हसले. "जिथे जावं तिथे लोक आजापणजा पुरल्याचं सांगतात. तू नको म्हणालास तर त्या रघुला लावतो."

महिपती कड्याभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "रघुची कुदळ नको. मीच उघडतो."

सकाळी त्याने शिकला होता तशी सुतळी बांधली, चौकोन आखला, खुरप्याने बोटबोट माती काढली. झाकण सरकवलं. मऊ कुंचला मागून घेतला. आडवा पडलेला निळा पेला दिसू लागला. कडेचा रंग उडालेला, बुडाला कारखान्याचा शिक्का. त्याने पेल्याला हात लावला नाही. तो बाजूला सरकला आणि प्राध्यापकांना जागा करून दिली.

त्यांनी एकदाच वाकून पाहिलं. "झाक," ते म्हणाले. "लवकर झाक."

सुतळीसुद्धा न गुंडाळता मंडळी स्टेशनकडे निघून गेली.

महिपतीने झाकण बसवलं, भोकही बुजवलं. पुन्हा कुणाला ते जुनं वाटू नये म्हणून एकेक धोंडा उपटून त्याने माळभर लांब लांब फेकला. एकवीसही.

पावसाळ्यापर्यंत कौसाबाई उकरलेल्या मातीच्या खुणेवर दूध ठेवत राहिली; पावसाळ्यात मात्र ती हिवतापाने पडून होती. चार अवसा चुकल्या. दसरा झाल्यावर ती दुधाचा लोटा घेऊन महिपतीमागोमाग माळावर आली. गवत कमरेइतकं वाढलं होतं.

"अवो, कुठंशी?"

"हितंच." तो दहा पावलं पुढे गेला. "नाय. जरा वर."

पायाने गवत सारत तो वाकून चालत राहिला. दगड पुष्कळ होते, सगळे सुटे. त्यांतला एकही काही सांगत नव्हता.

"दगड तुमीच टाकले ना?" कौसाबाई म्हणाली. लोटा तिने खाली ठेवला नाही. तो शोधत होता तिकडे तोंड करून ती उन्हात उभी राहिली.