आजच्यापुरता बोल्ट

समोरच्या आजींना काहीही पक्कं करायचं झालं की त्या दोन बोटं टेकवायच्या. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, टक टक, दोनदा. कागद समोर असेल तर कागदावर, नसेल तर फाटकावर, आणि फाटकही नसेल तर सरळ तुमच्या दंडावर. वर वाक्य ठरलेलं: "आउसगमाख्ट इश आउसगमाख्ट." त्यांच्या श्वाबियन, म्हणजे इथल्या जर्मन बोलीतलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर, ठरलं म्हणजे ठरलं. पहिल्या वर्षी ते ऐकून मला धडकीच भरायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. वेळेची पक्की माणसं तर इथं गल्लोगल्ली सापडतात. पण ज्या नियमाने आपलंच नुकसान होणार आहे, तोही त्याच दोन बोटांनी टकटकवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आणि त्यांचं नुकसान व्हायला कारण मी झाले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव डोंगरपठारावर. खाली स्टुटगार्टात पाऊस पडत असतो, तेव्हा आमच्याकडे गुडघाभर बर्फ असतो. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि नवरा खिडकीत चहाचे कप धरून उभे होतो आणि इचलकरंजीला आई-बाबांना बर्फाचे फोटो पाठवत होतो. सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात आजी. कानांवर ओढलेली लोकरी टोपी, हातात दोन फावडी. एक त्यांनी माझ्या हातात कोंबलं.

"सातला फुटपाथ मोकळा हवा. कोणी घसरून पडलं तर घरमालक नाही, तुम्ही जबाबदार. तुमच्या भाडेकरारात लिहिलेलं असणार."

"आम्हाला माहीत नव्हतं हो."

"आता माहीत झालं." टक टक, माझ्या दंडावर.

मग शिकवलंही त्यांनीच. बर्फ गटाराच्या तोंडावर लोटायचा नाही, शेजाऱ्याच्या बाजूला तर मुळीच नाही. नवऱ्याने फावडं उलटं धरलं होतं, त्यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्याची खिडकी उघडली.

आजींचं सगळंच मोठ्या आवाजात. मला वाटलं कमी ऐकू येत असेल. पुढे कळलं की त्यांनी तरुणपणी इथल्या कापडाच्या गिरणीत विणकामाच्या यंत्रांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करणारे! मागाच्या खडखडाटात राहिलेली माणसं एकांतातही ओरडूनच बोलतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मला त्या आपल्याच वाटायला लागल्या. घरात आम्ही त्यांना 'समोरच्या आजी' म्हणायचो. त्यांच्यासमोर अर्थात फ्राउ, म्हणजे श्रीमती, आणि आडनाव. त्या मला चिडवायला 'फ्राउ इंजिनिअर' म्हणत.

त्यांचं घर कोपऱ्यावरचं, म्हणजे फुटपाथ दोन बाजूंनी. त्यांचा नवरा वारल्यावर त्यांनी बर्फ उडवायचं मशीन घेतलं. लाल रंगाचं, घरगुती वापराचं. पुढच्या तोंडात मळसूत्रासारखा जाडजूड स्क्रू फिरतो, बर्फ आत ओढतो आणि बाजूच्या नळकांड्यातून लांब फेकतो. सकाळी साडेसहाला ते सुरू झालं की आमच्या घरात अलार्मची गरज नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्या धुडामागे ताठ चालायची.

त्या मशीनवर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. आजींचा मुलगा नेकारसुल्मला कारच्या कारखान्यात कामाला. आईने आपल्याजवळच्या एका वसाहतीत राहायला यावं म्हणून तो मागे लागला होता. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली, खाली नर्स असलेली तसली वसाहत. आजींनी त्याच्याशी करार केला होता. जोवर मी माझ्या दारासमोरचा बर्फ सातच्या आत स्वतः काढते, तोवर मी इथंच. ज्या हिवाळ्यात जमणार नाही, त्या हिवाळ्यानंतर येईन. खाली दोघांच्या सह्या. हा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते. आजी हसल्या नव्हत्या.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. झिंडेलफिंगेनजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथं मी वॉरंटी विभागात आहे. लोक तुटलेला भाग परत पाठवतात, आम्ही तो उघडतो आणि ठरवतो, दोष आमचा की वापरणाऱ्याचा. बहुतेक वेळा वापरणाऱ्याचा निघतो. अर्जात मात्र कोणीच चुकलेलं नसतं. पाण्यात बुडवलेला सेन्सर 'अचानक बंद पडला' म्हणून येतो, हातोड्याचे वण असलेली वस्तू 'कधी हातही लावला नाही' म्हणून येते.

"म्हणजे तुम्हाला 'नाही' म्हणायचा पगार मिळतो," आजी म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं.

गेल्याच्या गेल्या जानेवारीतली सकाळ. साधारण सहा पस्तीस. बाहेर मशीनचा आवाज येतोय, पण बर्फ उडत नाही. मी कोट चढवून गेले. त्या मशीनच्या स्क्रूला एक मऊ पिन असते. स्क्रूत दगड किंवा बर्फाचं ढेकूळ अडकलं की ती पिन स्वतः तुटते आणि मागचा महागडा गिअरबॉक्स वाचतो. तुटण्यासाठीच केलेली वस्तू. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तुटली होती, कारण नगरपालिकेची गाडी रस्त्यावरची गोठलेली ढेकळं आजींच्या कोपऱ्यावर लोटून जायची. जादा पिनांची डबी रिकामी. सातला पंचवीस मिनिटं.

मी घरी पळाले. बाबांनी लग्नात दिलेला नट-बोल्टचा डबा माझ्याकडे आहे. हसू नका, कोणाकडे चांदीची भांडी असतात, माझ्याकडे डबा आहे. त्यातला बरोबर मापाचा एक बोल्ट काढला. चांगला पोलादी, कडक. बाबांचं म्हणणंच असायचं, बोल्ट असा घाल की पुन्हा हात लावायला नको. मी तो घातला, नट आवळला, मशीन धडधडत निघालं.

"मशीनच्या पुस्तकात हे चालतं का?" आजींनी ओरडून विचारलं.

"आजच्यापुरतं चालतं," मीही ओरडले. "नव्या पिना मागवते, शनिवारी बदलून देते."

त्यांनी मशीनच्या हँडलवर दोन बोटं टेकवली. टक टक.

अहो, पिन का मऊ असते हे मी कॉलेजात परीक्षेत पाच मार्कांना लिहून आलेली बाई! पण आजच्यापुरतं हा शब्द आपल्या रक्तातच आहे. आजच्यापुरता लावलेला खिळा पुढे दहा वर्षं कॅलेंडर सांभाळतो. पिनांची डबी आली, मी ती आजींच्या गॅरेजमधल्या फळीवर ठेवली. शनिवारी आमच्याकडे पाहुणे होते. पुढच्या शनिवारी ऊन पडलं. पिन काही तुटेना, म्हणून मीही विसरले. कडक बोल्ट तुटणार तरी कसा?

पुढच्या डिसेंबरात ढेकूळ अडकलं, बोल्ट तुटलाच नाही, आणि गिअरबॉक्स फुटला. कडाड असा आवाज झाला की मी दात घासता घासता बाहेर आले. आजी शांत होत्या. "तीन वर्षांची वॉरंटी आहे," त्या म्हणाल्या. "अजून चार महिने शिल्लक आहेत." घरात जाऊन फाईल घेऊन आल्या. पावती, पुस्तिका, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. दुकानातला माणूस दोन दिवसांनी मशीन न्यायला येणार होता, आणि वॉरंटीत बसलं तर दुरुस्तीपर्यंत वापरायला दुसरं देणार होता.

मी वाकून आत पाहिलं. गिअरबॉक्सच्या चिरफळ्या झालेल्या आणि त्यात माझा बोल्ट, चकचकीत, एक ओरखडा नाही. पुस्तिकेत तर पहिल्याच पानावर जाड अक्षरात होतं: कंपनीची पिन वापरली नसेल तर गिअरबॉक्सला वॉरंटी नाही.

तो दिवसभर मी फक्त एकच विचार करत होते. आणि तो विचार काही चांगला नव्हता. बोल्ट काढायचा, कंपनीची एक पिन तोडून तिचे तुकडे भोकात ठेवायचे. तपासणारे कुठं बघतात, कसले वण शोधतात, ते मला पाठ. असली बनवाबनवी मी रोज पकडते, मग एकदा मलाही जमेल की.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्या टेबलावर हे आलं असतं तर?"

"ऑफिसचं वेगळं. इथं आजींचं घर जाईल."

"मग जा," तो म्हणाला. "पण त्यांना विचारून कर."

दुसऱ्या दिवशी खिशात पिन आणि पाना घेऊन गेले. आजी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून अर्ज भरत होत्या. चष्मा नाकावर. एका रकान्यात विचारलं होतं, सर्व भाग मूळ कंपनीचेच वापरले का? त्यांनी आधीच 'नाही'वर खूण केली होती.

मी म्हटलं, "थांबा. मी बदलू शकते. कोणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग मला बसायला सांगितलं आणि कॉफी ओतली.

"तुम्ही शनिवारी येते म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होत्या. "मी गॅरेज उघडून ठेवलं होतं. नंतर वाटलं, तुम्ही इंजिनिअर आहात. नाही बदललं म्हणजे चालत असेल."

एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला कॉफी प्यायले, तर जीभ भाजली.

अर्जाच्या खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथं त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: "सात वाजायला आले होते. शेजारणीने मदत म्हणून साधा बोल्ट बसवला. पुस्तिकेत चालत नाही हे नंतर दोघींनीही पाहिलं नाही." सही केली. माझ्या टेबलावर आजवर शेकडो अर्ज आलेत. असा शेरा मी एकदाही वाचलेला नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नकाराच्या दोन ओळी, दिलगीर आहोत. मी लिहिते तशाच.

नवा गिअरबॉक्स मी मागवला. आजींनी आढेवेढे घेतले नाहीत. चूक तुमची, दुरुस्ती तुमची, एवढाच हिशेब. पण तो यायला महिना लागणार होता आणि बर्फ काही थांबत नव्हता. रोज पहाटे मी आणि नवरा त्यांच्या दोन्ही बाजू फावड्याने मोकळ्या करायचो. आजी खिडकीत उभ्या असत, टोपी घालून. सात वाजले की आत जात.

नाताळात मुलगा आला. त्याने मला फाटकाशी गाठलं. मला वाटलं आता ऐकवणार. तो म्हणाला, "मी आईला सांगितलं, मशीन बिघडलं, त्यात तुझा काय दोष? हा हिवाळा धरायचा नाही. मी कागदावर तसं लिहून द्यायला तयार आहे. तुम्ही समजावा तिला."

मी गेले समजवायला. वकिलासारखे मुद्दे काढून गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्रिजवरच्या कागदावर बोटं टेकवली.

"इथं मशीनचं नाव नाही. 'स्वतः' असं आहे."

"पण चूक माझी होती!"

"हो, होती," त्या म्हणाल्या. "आणि ते हँडल मला दोन हिवाळे जड लागत होतं. वळताना खांदा दुखायचा. ते मी कुठल्या अर्जात लिहिलं नव्हतं."

हे खरं होतं की माझ्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून म्हणाल्या, मला आजवर कळलेलं नाही. त्या खोटं बोलत नसत. पण माझ्यासाठी एकदा बोलल्या असतील, असंही वाटतं. मी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले आणि त्या माझी पाठ थोपटत राहिल्या, घर सोडून जायचं होतं त्यांनाच.

मार्चमध्ये त्या नेकारसुल्मला राहायला गेल्या. फार सामान नव्हतंच. मशीन तोवर दुरुस्त झालं होतं, ते त्यांनी मला दिलं. पुस्तिका आणि पिनांच्या डबीसकट. सोबत एक नवा कागद होता. घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत कोपऱ्याच्या दोन्ही बाजू सातच्या आत मोकळ्या. खाली त्यांची सही, शेजारी माझ्यासाठी जागा. मी सही केली.

घर अजून विकलं गेलेलं नाही. पडदे काढलेल्या खिडक्या आमच्याकडे बघत असतात. नेकारसुल्मला म्हणे बर्फ धड पडतच नाही, नुसता चिखल होतो. म्हणून आजी फोनवर आमच्या गावचं हवामान बघत बसतात.

यंदाचा पहिला मोठा बर्फ मागच्या मंगळवारी पडला. सहा चाळीसला आजींच्या कोपऱ्यावर ढेकूळ अडकलं आणि पिन तुटली. मी गुडघ्यांवर बसून, बोटं बधीर झालेली, डबीतली नवी पिन घातली. वीस पावलांवर तीही तुटली. बाबांचा डबा घरात होता, दोन मिनिटांचं काम. मी डबीतली दुसरी काढली.

बरोबर सातला खिशातला फोन वाजला.

"झालं का?" तोच गिरणीतला आवाज.

"झालं. आत्ताच झालं."

"पिन तुटली असेल."

"दोनदा."

"मग कुठली घातलीत?"

"पुस्तकातली," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

पलीकडे फोनच्या पाठीवर दोन बोटं वाजली, टक टक, आणि त्यांनी फोन ठेवला.