नळी पुढे नेण्याआधी

आईच्या नाकातली नळी आज रिकामी होती. रोज तिच्यातून पातळ पेज पोटात उतरायची.

डॉक्टर म्हणाले, "पोटातलं वर येऊन छातीत जातंय. दुर्बिणीनं नळी पुढे, आतड्यात नेऊ."

सिस्टरनं विचारलं, "काका, तोंडानं काही दिलं नव्हतं ना? गिळताना ठसका लागला तरी ते छातीत जातं."

"छे!" मी म्हणालो.

काल आईनं खुणेनं चहा मागितला, तेव्हा मीच तिला चोरून दोन चमचे पाजले होते. ती ठसकली, मी पाठ चोळली. आमच्याकडे आजाऱ्याजवळ बसणं म्हणजे त्याच्या तोंडात काहीतरी घालणं. न भरवताही माया करता येते, हे पन्नाशी आली तरी मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुर्बिणीचं यंत्र ठेवलेली ढकलगाडी आईच्या खोलीत निघाली.

"सिस्टर, थांबा," मी म्हणालो. "मी चहा पाजलाय तिला."